बोडगेश्वराच्या जत्रेतली फेरी : पाळणे, खाणे आणि दोघांचा एक दिवस

गोव्यात राहणाऱ्या माणसाला मोठ्या पाळण्यात बसण्याची हौस असेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर रात्रभराचा प्रवास करून खोपोलीजवळचे, २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान गाठायचे, नाही तर जत्रेच्या हंगामाची वाट पाहायची. हणजूण येथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, पण पाण्यात भिजण्याची मौज निराळी आणि जमिनीपासून उंच जाऊन पोटात गोळा येण्याची मौज निराळी. आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेक डान्स, तोरा-तोरा आणि मौत का कुआँ ही सगळी मंडळी आपल्याकडे येतात ती देवाच्या जत्रेला किंवा सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (उत्सवाला). ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, फातर्प्याची जत्रा, पौषातली म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, वैशाखात शिरगावची लईराई आणि पावसाळ्यात वास्कोचा दामोदर सप्ताह, अशा तारखांवर पाळणेवाल्यांचे आणि खाजेवाल्यांचे वर्ष चालते. या सगळ्यांत दोघांनी मिळून निवांत दिवस घालवावा, बसावे, फिरावे, खावे, यासाठी मला म्हापशाची जत्रा सर्वांत सोयीची वाटते, आणि हे परीक्षण तिथल्या पाळण्यांचे आणि खाण्याचे आहे.

आम्ही डिचोलीची माणसे. माझे यजमान खाणी बंद होईपर्यंत खाणीवरच्या यंत्रांच्या देखभालीत फिटर होते आणि आता एका वर्कशॉपमध्ये तेच काम करतात. त्यामुळे आमच्याकडे पाळण्यात बसण्याआधी पाळणा बघितला जातो. मला सुरुवातीला याचा थोडा कंटाळा येत असे, पण आता त्यांच्याबरोबर मीही खाली वाकून पाहते, कारण काय पाहायचे हे कळू लागले की बसण्यातला आनंद कमी होत नाही, उलट मन निर्धास्त होऊन तो वाढतो. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे की, जत्रेतला पाळणा निवडताना त्याच्या दिव्यांकडे आणि गाण्यांकडे न पाहता तो चालवणाऱ्या माणसाच्या हाताकडे पाहावे, आणि खाण्याचा गाडा निवडतानाही हाच नियम लावावा.

बोडगेश्वर हा म्हापशाचा राखणदार. हातात दांडा घेऊन रात्री वेशीवरून फिरणारा देव अशी त्याची ख्याती आहे, आणि देऊळ शहराच्या कडेला, शेताच्या मोकळ्या सपाटीवर आहे. म्हापशाच्या बसस्थानकावरून तिथे चालत जाता येते. जत्रा पौष पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे बहुतेक वर्षी जानेवारीत भरते, आणि मुख्य दिवस उलटून गेल्यावरही पाळणे व दुकाने बरेच दिवस मुक्कामाला असतात. ज्यांना उत्सवाची गर्दी, पालखी आणि रात्रीचे नाटक अनुभवायचे आहे त्यांनी मुख्य दिवशीच जावे. पण पाळण्यांसाठी जाणाऱ्या जोडप्याने नंतरचा एखादा आडवार निवडावा आणि दुपारी चारच्या सुमारास मैदानात पोहोचावे. त्या वेळी ऊन उतरणीला लागलेले असते, तिकिटांसाठी रांग नसते, पाळणेवाले घाईत नसतात आणि भजीवाल्याच्या कढईतले तेल दिवसाचे पहिले असते. आठनंतर यातले काहीही उरत नाही. आधी देवाचे दर्शन घ्यावे, मग पाळणे करावेत आणि खाणे अगदी शेवटी ठेवावे. हा क्रम उलटा केला तर काय होते ते ब्रेक डान्समधून उतरणाऱ्यांचे चेहरे पाहून समजते.

आकाशपाळण्यापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. तो जत्रेतला सर्वांत सौम्य पाळणा आहे आणि वरून सगळी जत्रा एका नजरेत दिसत असल्यामुळे पुढे कुठे जायचे हेही तिथेच ठरवता येते. आम्ही बसलो त्या पाळण्याचा माणूस कामात फार नीटस होता. एका डब्यात माणसे बसवली की तो चाक अर्धे फिरवी आणि बरोबर समोरच्या डब्यात साधारण तितक्याच वजनाची माणसे घेई. एका बाजूला चार मोठी माणसे आणि समोर दोन मुले असे त्याने एकदाही होऊ दिले नाही. रांगेतल्या एका कुटुंबाने लवकर बसवण्याचा आग्रह धरला, तेव्हाही त्याने शांतपणे मान हलवून त्यांना पुढच्या डब्यासाठी थांबायला सांगितले. यामागचे कारण यजमानांनी मला समजावून दिले. चाकाचा तोल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर मोटरला फक्त चाक फिरते ठेवावे लागते, आणि तोल बिघडला तर प्रत्येक फेरीला जड बाजू उचलावी लागते, मग उतरताना तीच बाजू चाकाला ओढते आणि ब्रेकवर ताण येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते माणसांना ताटकळत ठेवणे वाटते, पण पाळणेवाल्याची खरी हुशारी या भरण्यातच दिसते.

दुसरी गोष्ट पायाची. कायमच्या उद्यानातला पाळणा सिमेंटच्या पायावर उभा असतो, आणि जत्रेतला पाळणा कापणी झालेल्या शेतावर लाकडी ओंडके टाकून त्यांवर उभा केलेला असतो. हे ओंडके जाडजूड, एकमेकांवर आडवे-उभे रचलेले आणि जमिनीला सगळीकडून टेकलेले असावेत. एखाद्या कोपऱ्याखाली पातळ फळीचा तुकडा किंवा दगड सरकवलेला दिसला तर त्या पाळण्याला लांबूनच नमस्कार करावा. डबा ज्या दांड्यावर लोंबतो त्याच्या टोकाला कॉटर पिन असते. तारेची ही बोटाएवढी पिन वाकवून बसवली नसेल तर दांडा हळूहळू सरकू शकतो. आमच्या डब्याची पिन दोन्ही बाजूंनी उलटी वाकवलेली होती, दांड्याला नवे ग्रीस होते आणि दाराला कडीबरोबर साखळीही होती. यजमानांनी त्या ग्रीसवर बोट फिरवून माझ्याकडे पाहिले आणि समाधानाने मान डोलावली, तेव्हाच मी पुढे सरकून त्यांना जागा करून दिली.

वर गेल्यावर जे दिसते त्यासाठी शंभराच्या घरातले तिकीट मुळीच महाग नाही. एका बाजूला वायंगणाच्या भाताची कोवळी हिरवी शेते, दुसऱ्या बाजूला महामार्गावरची वाहनांची रांग, पलीकडे आल्तिनोची टेकडी आणि बरोबर पायाखाली देवळाची रोषणाई. चाक वरच्या टोकावरून खाली उतरू लागते तेव्हा अंग क्षणभर हलके होते आणि तळाशी येताना तेच अंग बाकावर दाबले जाते. आकाशपाळणा सावकाश फिरतो म्हणून हा फरक गोड वाटतो. आमच्या लग्नाला आता बरीच वर्षे झाली आहेत, घरी बोलायचे ते बहुतेक गॅस, वीज आणि मुलांच्या फीबद्दल असते, आणि त्या डब्यात मात्र आम्ही दोघे शेतांकडे बोट दाखवत कोणाचे घर कुठे असेल याची चर्चा करत राहिलो. दोघांच्या दिवसासाठी आकाशपाळण्याची शिफारस मी एवढ्या आग्रहाने करते त्याचे हेही एक कारण आहे.

कोलंबस, म्हणजे झोके घेणारी मोठी नाव, हा यजमानांचा आवडता खेळ. नाव मधल्या आसाभोवती लंबकासारखी झुलते, त्यामुळे मधल्या बाकावर बसणाऱ्याला झोक्याचा आनंद मिळतो आणि टोकाच्या बाकावर बसणाऱ्याला उंचीचा. टोकाचा बाक झोक्याच्या शेवटी इतका वर जातो की क्षणभर नाव जिथल्या तिथे थांबल्यासारखी होते, आपण बाकावरून किंचित सुटतो आणि मांडीवरचा आडवा दांडा तेवढा आपल्याला धरून ठेवतो. म्हणून या खेळात दांड्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. मी मधे बसले, यजमान टोकाला गेले. ज्यांना पहिल्यांदाच बसायचे आहे त्यांनी मधे बसावे, समोरच्या माणसांकडे पाहावे आणि डोळे मिटू नयेत. डोळे मिटल्याने भीती कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

याच खेळाबद्दल एक तक्रार नोंदवणे मला आवश्यक वाटते. ती म्हापशाची नाही, आमच्या भागातल्या दुसऱ्या एका जत्रेतली आहे. तिथल्या कोलंबसमध्ये आम्ही बसलो त्या बाकाचा दांडा खाचेत बसतच नव्हता. तिकीट घेणाऱ्या मुलाने तो सुतळीने बांधायला घेतला. यजमानांनी त्याला खाच झिजली आहे हे दाखवले, तेव्हा त्याने, ‘काही होत नाही, सगळे असेच बसतात,’ असे उत्तर दिले. आम्ही उतरलो. पैसे परत मिळाले नाहीत, पण पैशांचे मला काही वाटले नाही. आमच्या जागेवर लगेच एक आई आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली, आणि आम्ही सांगूनही ती उठली नाही, याचे वाईट आजही वाटते. पाळणेवाले दिवसभर उभे असतात, त्यांना मजुरी कमी मिळते, एका जत्रेतला पाळणा उतरवून रातोरात दुसऱ्या जत्रेत उभा करावा लागतो, हे सगळे मला ठाऊक आहे आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही झिजलेली खाच ही कष्टाची बाब नाही, ती मालकाने बदलून द्यायची वस्तू आहे. ज्या बाकाचा दांडा खटकन बसत नाही तो बाक रिकामा ठेवण्याचे धैर्य ज्या चालकात आहे, त्याच्याच पाळण्यात बसावे.

म्हापशात आम्ही बसलो त्या कोलंबसवर प्रत्येक फेरीच्या आधी एक माणूस दोन्ही बाजूंनी चालत जाऊन प्रत्येक दांडा स्वतःच्या हाताने खाली दाबून पाहत होता. नाव पूर्ण थांबल्याशिवाय कोणालाही उठू देत नव्हता. जनरेटर पाळण्यापासून लांब ठेवलेला होता, केबल पायाखाली न पडता खांबांवरून उचलून नेलेली होती आणि अर्थिंगची सळई जमिनीत ठोकलेली दिसत होती. जत्रेत माणसे चप्पल काढून दवाने ओल्या गवतावर बसतात, लहान मुले कोणत्याही लोखंडाला हात लावतात; अशा जागी केबलच्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असणे किती धोक्याचे आहे हे विजेचे काम जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. ही व्यवस्था चांगली होती, म्हणून ती इथे लिहून ठेवत आहे.

ब्रेक डान्स आणि तोरा-तोरा यांविषयी थोडक्यात सांगते. ब्रेक डान्समध्ये मोठी तबकडी एका दिशेने आणि तिच्यावरचे डबे स्वतःभोवती फिरतात, दोघांपैकी जड माणसाने बाहेरच्या बाजूला बसावे, नाही तर प्रत्येक वळणावर त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. तोरा-तोरा, म्हणजे गोल फिरता फिरता वर-खाली होणाऱ्या डब्यांचा पाळणा, मुलांना आवडेल, मोठ्यांना त्यात विशेष काही नाही.

मौत का कुआँ मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर, वरच्या कठड्याभोवती प्रेक्षक, आणि तळातून दुचाकी सुरू करून आधी उतरत्या फळ्यांवर, मग जवळजवळ उभ्या भिंतीवर चढणारे स्वार. वेगाने गोल फिरणाऱ्या गाडीला भिंत आतल्या बाजूला दाबत राहते आणि त्या दाबामुळे टायर व फळ्या यांच्यात जे घर्षण निर्माण होते तेच स्वाराला वर धरून ठेवते. वेग कमी झाला की दाब कमी होतो आणि आधार सुटतो. म्हणजे इथे सावकाश जाण्यातच अपघात आहे. आमच्या खेळात दोन दुचाक्या आणि एक जुनी मारुती एकाच वेळी भिंतीवर होत्या. गाडीच्या दारातून एक स्वार अर्धा बाहेर आला आणि त्याने दुसऱ्या स्वाराच्या हाताला हात लावला. कठड्याला धरलेल्या माझ्या तळव्यांना फळ्यांची थरथर जाणवत होती आणि प्रत्येक फेरीबरोबर गरम रबराचा व पेट्रोलचा वास वर येत होता. या माणसांच्या कौशल्यापुढे हात जोडावेत असेच मला वाटले.

त्याच वेळी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. प्रेक्षक नोटा हातात धरून कठड्यावरून वाकतात आणि स्वार भिंतीवरून जाता जाता त्या हिसकून घेतात. टाळ्या याच क्षणाला पडतात. परंतु वाकणाऱ्याचा तोल गेला किंवा नोटेबरोबर बोट अडकले, तर दोघांचाही जीव जाऊ शकतो, आणि स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राणही नसते. बक्षीस अवश्य द्यावे, भरघोस द्यावे, पण खेळ संपल्यावर खाली उतरून द्यावे. आम्ही तसे केले. स्वार विशी-पंचविशीतला होता, त्याचे दोन्ही तळवे काळेभोर झाले होते, आणि त्याने नोट कपाळाला लावून खिशात ठेवली.

आता खाण्याकडे येते, कारण जत्रेचा अर्धा आनंद तिथे आहे. पहिला मान खाज्यांचा. गोव्याच्या खाज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जत्रेच्या फेरीत खाज्यांची दुकाने ओळीने लागलेली असतात. चण्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या, गुळाचा पाक करून त्यात आले आणि तीळ घालायचे आणि त्या पाकात कांड्या घोळायच्या, एवढीच कृती आहे. मात्र पाक कच्चा राहिला तर खाजे हाताला चिकटते आणि जास्त झाला तर दाताला लागते. आम्ही ज्या दुकानासमोर उभे राहिलो तिथली बाई मोठ्या कढईत कांड्या दोन्ही हातांनी उलथत होती. मी मागितले तेव्हा ती म्हणाली, “बाये, मातशें राव, पाक आजून धरूंक ना.” गिऱ्हाईक समोर उभे असताना, शेजारचे दुकान मोकळे असताना, थांब म्हणणारी ही बाई मला फार आवडली. थोड्या वेळाने कांड्या एकमेकींपासून सुटू लागल्या, वर गुळाची पांढरट साय धरली आणि मग तिने कागदात बांधून दिल्या. चावल्यावर आधी गुळाची कुरकुर, मग पिठाचा खमंगपणा आणि शेवटी घशाशी आल्याचा तिखटपणा. पाकिटात बंद करून ठेवलेले, रंगाने नुसते पिवळेधमक दिसणारे खाजे याच्या जवळपासही येत नाही.

दुसरा पदार्थ भजी. मिरचीची, कांद्याची आणि कापांची. भज्यांच्या बाबतीत सगळे तेलावर अवलंबून असते. तेल काळपट असेल, त्यावर बारीक फेस राहत असेल किंवा कढईवर निळसर धूर असेल तर पुढे जावे. चारच्या सुमारास जाण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो. आमच्या ताटलीतली मिरची पातळ पिठात बुडवून कुरकुरीत तळलेली होती, आत मीठ व चिंचेचा किंचित लेप होता, आणि सोबत वाफाळणारा चहा. दोघांनी मिळून एक ताटली घ्यावी, संपली की दुसरी मागवावी, म्हणजे शेवटचे भजेही गरम मिळते.

गोबी मंच्युरियनबद्दल स्पष्ट लिहिते. गोव्याच्या जत्रांत या पदार्थाने गेल्या काही वर्षांत खाज्यांच्या बरोबरीने जागा मिळवली आहे आणि तरुण मंडळींना तो मनापासून आवडतो. २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहाच्या वेळी अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या गाड्यांवर निर्बंध आणण्याच्या सूचना दिल्या होत्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने कृत्रिम रंग व अस्वच्छता या कारणांसाठी शहरात त्यावर बंदीचा निर्णय घेतला. त्या बंदीची सूचना याच जत्रेच्या काळात पुढे आली होती. पुढे मार्च २०२४ मध्ये कर्नाटकानेही गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. माझ्या मते दोष पदार्थाचा नाही. फुलकोबी, मैदा, लसूण, सोया सॉस यांत वाईट काय आहे? दोष त्या भडक लाल रंगाचा आहे आणि दिवसभर उकळणाऱ्या तेलाचा आहे. मी हा पदार्थ घरी रंगाशिवाय करते, तपकिरी दिसतो आणि चवीला उत्तम लागतो. जत्रेत मात्र तो खाऊ नये, असे मी जवळच्या प्रत्येकाला सांगते.

हीच गोष्ट साखरेच्या कापसाची, ज्याला मुले म्हातारीचे केस म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडू येथे त्यावर बंदी आली ती ऱ्होडामाइन-बी नावाच्या रंगामुळे. हा रंग कापड रंगवण्यासाठी वापरला जातो आणि खाण्यात त्याला मुळीच परवानगी नाही. साखर मात्र तीच असते आणि पांढरा कापूस गुलाबीइतकाच गोड असतो. मैदानात पांढरा कापूस फिरवून देणारा एक माणूस आम्हाला सापडला आणि आम्ही दोघांनी तो काडीवरून ओढून ओढून, ओठांना चिकटवत, मुलांसारखा खाल्ला. लग्नाआधी अशाच एका जत्रेत यांनी मला तो घेऊन दिला होता आणि त्या वेळी पैसे मोजताना त्यांचे हात थरथरत होते, हे मला त्यांना आठवण करून द्यावेसे वाटले आणि मी दिलीही.

खाद्यगाड्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, हे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. क्रमांक असला म्हणजे पदार्थ चांगलाच, असे नाही, पण क्रमांक लावणाऱ्याचे नाव-गाव कुठेतरी लिहिलेले असते आणि त्याला जाब विचारता येतो. उसाचा रस घेताना बर्फ घालू नये असे सांगावे. जत्रेतल्या बर्फाचे पाणी कुठले, याचे उत्तर गाडेवाल्यालाही बहुधा माहीत नसते.

गर्दीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. शिरगाव आमच्या डिचोली तालुक्यातले. ३ मे २०२५ च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, त्या दिवसापासून जत्रेत शिरताना माझे लक्ष आधी बाहेर पडण्याच्या वाटांकडे जाते. म्हापशाचे मैदान सपाट आणि मोकळे आहे, उतार नाही, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे. तरीही दुकानांच्या दोन ओळींमधली गल्ली सातनंतर दाटते. दोघांनी एकमेकांचा हात धरून चालावे, चुकामूक झाली तर भेटण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी, आणि ती जागा दुकानांच्या गल्लीत न ठरवता मैदानाच्या कडेला ठरवावी, कारण गर्दीत मोबाईलची रेंज जाते. बायकांनी साडीचा पदर किंवा ओढणी पाळण्यात बसण्याआधी कमरेला खोचून घ्यावी. फिरत्या आसात ओढणी अडकण्याचे प्रकार जत्रांत घडले आहेत. धूळ पुष्कळ उडते, दम्याचा त्रास असलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधावा.

खर्चाचे म्हणाल, तर आकाशपाळणा, कोलंबस, मौत का कुआँ, भजी, चहा, कापूस आणि घरी नेण्यासाठी खाज्यांच्या दोन पुड्या एवढे सगळे करूनही दोघांचा खर्च शहरातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलातल्या जेवणाहून अधिक झाला नाही. मोठ्या उद्यानात एका तिकिटात दिवसभर बसता येते, सावली असते, स्वच्छतागृहे असतात, आणि यंत्रे जागची हलत नसल्यामुळे त्यांची निगा राखणे सोपे असते, हे मान्यच करायला हवे. स्वच्छतागृहांच्या बाबतीत जत्रा उणी पडते आणि बायकांची त्यात सर्वांत अधिक अडचण होते. बसस्थानकावर उतरल्यावरच ती सोय उरकून मैदानाकडे निघावे, एवढाच उपाय सध्या आहे.

परतीसाठी अस्नोड्यावरून डिचोली आणि साखळीकडे जाणाऱ्या गाड्या म्हापसा बसस्थानकातून सुटतात, पण रात्र चढली की खाजगी बसगाड्या विरळ होतात, म्हणून उतरल्याबरोबर शेवटच्या गाडीची वेळ तिकीट देणाऱ्याला विचारून घ्यावी. स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी गाडी महामार्गाच्या कडेला न लावता शहरात ठेवून चालत यावे. आणि खाजे घेतले असेल तर ते घरी पोहोचल्याबरोबर कागदातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, म्हणजे पुढचे बरेच दिवस ते तसेच कुरकुरीत राहते. कागदातच ठेवले तर एका रात्रीत सादळते.